स्वागत: आपल्या पक्षी गटाला शिक्षण समन्वयक मिळाल्या!

रावपुरा_टपाल (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

काल टिंबी तळ्यावर जे आले होते त्यांना कळलंच आहे, बाकीच्यांसाठी लिहिते. "शाळांचं कोणीतरी बघायला हवं" हे आपल्या प्रत्येक बैठकीत निघतं आणि चहा आला की विरून जातं. तर ते कोणीतरी आता मिळालं आहे. या महिन्यापासून आपल्या गटाला शिक्षण समन्वयक आहेत. काम अर्धवेळ, मानधन इथे लिहू नये इतकं, तरी बाई हो म्हणाल्या.

त्या बडोद्याच्याच. घरात मराठी, शिकवलं गुजराती माध्यमात, विषय विज्ञान. पक्ष्यांचा नाद कमाटीबागेत सकाळी फिरता फिरता लागला. इथे 'उंबराखाली' या नावाने येतील, नाव-गाव त्यांना सांगायचं तेवढं त्या सांगतील. धाग्यावर कोणी त्यांचा नंबर टाकू नये ही विनंती.

आता कामाबद्दल. शाळांमधलं पक्षी-शिक्षण म्हणजे १२ नोव्हेंबरला सालिम अलींची जयंती आणि २० मार्चला चिमणी दिन, असं सगळीकडेच झालं आहे. पडद्यावर अरुणाचलचा धनेश दाखवायचा आणि शाळेच्या मागच्या वडावर राखी धनेशाची जोडी फळं खात बसलेली, तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. पुढच्या वर्षी नवी शाळा, तोच पडदा.

माझं मत आधीच सांगून टाकते. वर्षाला तीस शाळा करण्यापेक्षा तीन कराव्यात. त्याच मुलांकडे पुन्हा पुन्हा जावं, तेही शाळेपासून चालत जाता येईल अशाच जागी. वढवाण्याच्या तळ्याची सहल नंतर. अहवालात आकडा लहान दिसेल, दिसू दे.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी इथेच भांडावं, बैठकीत वेळ नसतो.

आठ_बाय_बेचाळीस (सोमवार, रात्री ९:५२)

स्वागत! काल भेट झाली. दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी नुसत्या डोळ्याने पक्षी पक्का करायची त्यांची सवय बघूनच कळलं, माणूस कामाचा आहे.

पुण्याहून_वाचतोय (सोमवार, रात्री १०:०५)

+१. टिंबीला यंदा काय काय आलंय?

आठ_बाय_बेचाळीस (सोमवार, रात्री १०:११)

चक्रवाक आहेत, थापट्या आहेत. बाकी यादी वेगळ्या धाग्यावर टाकतो, इथे अवांतर नको.

सुरसागर_काठ (सोमवार, रात्री १०:३०)

बाईंचं मनापासून स्वागत, पण थोडं कडू बोलतो. या शहरात पर्यावरण शिक्षणाच्या नावाने मी काय काय पाहिलंय: चित्रकला स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा, शपथ, रॅली. रॅलीत पुढे बँड. बँड! पक्षी वाचवा म्हणून. झाडावरचे कावळे उडून गेले.

समन्वयक आल्या म्हणजे आता स्पर्धा जास्त होतील एवढंच ना? तीन शाळांचं म्हणणं छान आहे, पण पैसे देणारा विचारतो "किती विद्यार्थ्यांपर्यंत पोचलात". तिथे 'नव्वद' लिहिलंत तर पुढच्या वर्षी मानधनही नाही आणि समन्वयकही नाही.

रावपुरा_टपाल (सोमवार, रात्री १०:४४)

म्हणूनच पहिल्या वर्षाचं मानधन गटाच्या वर्गणीतून आहे, कोणाच्या अनुदानातून नाही. विचारणारे आपणच, उत्तर देणारे आपणच. त्यामुळे किती मुलं हा प्रश्न आपण न विचारायचं ठरवू शकतो.

माजी_मास्तर (मंगळवार, सकाळी ६:२०)

मी आयुष्यभर शाळेत काढलं आहे, त्यामुळे चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. बाईंना माहीतच असतील, पण गटातल्या उत्साही लोकांना नसाव्यात.

शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकांचं तोंड का पडतं हे समजून घ्या. त्यांच्या टेबलावर तुमच्यासारखी पाच पत्रं असतात: दात, डोळे, वाहतूक, योग, झाडं. प्रत्येकाला एक तास हवा. शिक्षकाला मात्र अभ्यासक्रम संपवायचा असतो आणि अधूनमधून इतर सरकारी कामंही येतात. म्हणून जादा तास मागू नका. शिक्षकाचाच तास घ्या, पण धडा त्याचाच शिकवा. पर्यावरण हा विषय शाळेत आधीपासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं की तो शिकवायलाच हवा. पाचवी-सहावीत अन्नसाखळी आहे, अधिवास आहे, प्राण्यांचे अनुकूलन आहे. अधिवासाचा धडा वर्गात वाचण्याऐवजी मागच्या नाल्यावर घेऊ म्हणा. वंचक आणि खंड्या एकाच पाण्यावर बसून वेगवेगळ्या पद्धतीने मासा धरतात, हे दहा मिनिटं बघितलं की अनुकूलन झालं. शिक्षकाचा धडा संपला, तुमचे पक्षी झाले.

वेळ: शनिवारची सकाळची शाळा. तेवढं एकच दार उघडं असतं. नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, त्याचा आधार पत्रात जरूर द्या. दहावी-बारावीच्या वाटेला जाऊ नका, त्यांचे पालक तुम्हाला दारातूनच परत पाठवतील.

महिने: दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतात तेव्हापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीपर्यंत, एक खिडकी. पाहुणे पक्षी आलेले असतात आणि ऊन सुसह्य असतं. दुसरी खिडकी कोणी धरत नाही, ती जून ते ऑगस्ट. सगळे म्हणतात पावसात कुठे मुलांना नेता. अहो, सुगरण तेव्हाच बांधते! वाघोडिया रोडकडे, विहिरींवर, ओढ्यांवर बाभळीला घरटी लोंबत असतात. नर विणतो, अर्धं झालं की मादी येऊन बघते, पसंत नसेल तर ते तसंच सोडून तो दुसरं घेतो. मुलांनी दर शनिवारी लांबून बघून अर्धी किती, पुरी किती, सोडून दिलेली किती एवढं वहीत मांडलं की गणितही झालं. आणि एकाच झाडाकडे दोन महिने बघत राहायची सवय लागते, ती वेगळीच.

बसचं नाव काढू नका. बस म्हटली की पालकांची संमतीपत्रं, विमा, शिपाई, शिक्षिका, नाश्ता. चालत जाता येतं तिथेच जा. टपालबाईंशी सहमत.

आई_दोघांची (मंगळवार, सकाळी ९:१५)

मास्तर, सुगरणीचं फार आवडलं. फक्त एक शंका. पडलेलं घरटं मुलं उचलून वर्गात आणतात, शिक्षिकाही 'निसर्ग कोपरा' म्हणून ठेवतात. चालतं का?

प्राणीशास्त्र_फतेगंज (मंगळवार, दुपारी १:३०)

नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्याच्या अंड्यांना इजा करणं, अंडी किंवा घरटी हलवणं, त्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. वाऱ्याने पडलेलं सोडलेलं घरटं आणि झाडावरून ओढून काढलेलं घरटं यांत मूल फरक करत नाही. एकदा वर्गात कौतुक झालं की पुढच्या आठवड्यात तीन येतात. चित्र काढा, फोटो काढा, घरटं तिथेच राहू दे.

माझा मुद्दा दुसराच आहे. बाई, स्वागत. मुलांच्या याद्या वाया जाऊ देऊ नका. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, त्यातल्या १७८ जाती संवर्धनाच्या दृष्टीने तातडीच्या ठरवल्या. ते सगळं तुमच्या-आमच्यासारख्या लोकांनी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकलेल्या याद्यांमधून निघालं. पंधरा मिनिटं एका जागी, दिसलं ते सगळं, संख्येसकट. सातवीच्या मुलाला हे जमतं. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे, म्हणजे आपापल्या परिसरातले पक्षी मोजायचे, चार दिवस असतात, तेव्हा शाळेच्या आवारातून सुरुवात करता येईल. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती १९८७ पासून चालू आहे. मोठ्या मुलांना तिथे मदतीला नेता येईल.

पण शिस्त हवी. 'बहुतेक गरुड होता' अशी नोंद चालणार नाही. घार आणि शिक्रा यांत गोंधळ असेल तर 'शिकारी पक्षी' एवढंच लिहायला शिकवावं.

माजी_मास्तर (मंगळवार, दुपारी ४:००)

फतेगंजच्या बाई, तुमची शिस्त मान्य, पण पहिल्या दिवशी नको. मुलाला आधी साळुंकी आवडू दे. पहिल्याच शनिवारी फॉर्म हातात दिलात तर तो गृहपाठ होतो.

प्राणीशास्त्र_फतेगंज (मंगळवार, सायंकाळी ६:१०)

मास्तर, गृहपाठ आवडणारी मुलंही असतात. मी होते. सगळ्या मुलांना 'आवड' वेगळ्याच दाराने लागते असं धरून चालू नका. काहींना मोजण्यातच मजा येते.

काप्यो_छे (मंगळवार, रात्री ८:४५)

वाट बघत होतो कोणी उत्तरायणाचं काढतंय का. कोणी काढलं नाही, मीच काढतो, कारण जानेवारी आला की सगळे माझ्या अगाशीकडे बोट दाखवणार आहेत.

मी पतंग उडवतो. लहानपणापासून. वडील उडवायचे, मुलगी फिरकी धरते. नायलॉनचा दोरा आमच्या घरात येत नाही. पण गेल्या वर्षी मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, बाबा, पतंग उडवणारे पक्षी मारतात, आम्हाला शाळेत सांगितलं. रडत होती. उंधियु पानात तसाच. हे शिक्षण नाही हो. सण पोराच्या मनात काळा करायचा आणि आपण पुण्य कमवायचं.

बाईंना विनंती, हे असलं करू नका. बाकी स्वागत आहेच.

सुरसागर_काठ (मंगळवार, रात्री ९:०२)

पण पक्षी मरतात हे खोटं आहे का?

काप्यो_छे (मंगळवार, रात्री ९:०६)

खोटं कोण म्हणतंय? नायलॉन विकणाऱ्याला आणि सातवीच्या पोरीला एकाच तराजूत घालू नका एवढंच म्हणतोय.

आठ_बाय_बेचाळीस (मंगळवार, रात्री ९:२५)

नायलॉन आणि कृत्रिम मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी आणली, तरी दर वर्षी तो मिळतोच. आणि सुती दोऱ्यालाही काच लावलेली असतेच. रस्त्याच्या कडेला खांब रोवून दोरा रंगवणारे बघा, त्यांची बोटं बघा चिंध्या बांधलेली. त्या दोऱ्याने पंख कापला जातोच. कपोत, घारी, शराटी, बगळे. संध्याकाळी थव्याने मुक्कामाला परतणारे पक्षी सगळ्यात जास्त सापडतात, कारण त्याच वेळी आकाश पतंगांनी भरलेलं असतं.

उंबराखाली (मंगळवार, रात्री ११:१०)

सगळ्यांना नमस्कार. आता लिहायला बसले. स्वागताबद्दल आभार. शाल-श्रीफळ नको, हा धागा पुष्कळ आहे.

आधी उत्तरायण, कारण तेच सगळ्यात जवळ आहे. काप्यो_छे, तुमच्या मुलीसारखी मुलं मी वर्गात पाहिली आहेत. अपराधी वाटून घरी गेलेलं मूल दोन दिवस रडतं आणि तिसऱ्या दिवशी त्या विषयाचं नाव काढत नाही. म्हणून मी "पतंग उडवू नका" असं कुठल्याही वर्गात म्हणणार नाही. मी वेळ सांगणार आहे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग नको. उत्तरायणात पक्षी वाचवण्यासाठी सरकारचं करुणा अभियान असतं, त्यातही हेच सांगतात. पण मुलांना नुसतं सांगून उपयोग नाही, ते त्यांनीच शोधून काढायला हवं. डिसेंबरात एका संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर उभं राहून पाच ते सहा किती थवे कुठल्या दिशेला गेले, आणि दुपारी दोन ते तीन किती गेले, एवढं मोजायचं. भोरड्यांचे थवे असतात, शराटी रांगेने जातात, बगळे विश्वामित्रीकडे जातात. हे ज्याने स्वतः मोजलं तो पाचच्या ठोक्याला बापाच्या हातातली फिरकी काढून घेतो. मला काही म्हणावं लागत नाही.

दुसरं काम उत्तरायणानंतरचं. वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, संपलं की सगळे दमतात, पण झाडांवर, तारांवर, अँटेनांवर दोऱ्याचे गुंते तसेच असतात. ते पुढचे कितीतरी महिने पक्षी अडकवत राहतात. मुलांनी १६ तारखेपासून आपल्या सोसायटीतला, हाताला येईल तेवढाच गुंता गोळा करायचा. चढायचं नाही, तारेजवळ जायचं नाही. शाळेत वजन करायचं, जास्त आणणाऱ्याला बक्षीस नाही. बक्षीस ठेवलं की पोरं फिरकीतला नवा दोरा तोडून आणतात, हे मी पाहिलेलं आहे.

तिसरं, जखमी पक्षी. वर्गात एवढंच शिकवायचं: दोरा ओढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कापायचा, पंखात रुतलेला तुकडा तसाच राहू द्यायचा. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवायचं, झाकायचं, पाणी तोंडात ओतायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, आणि मोठ्या माणसाकडून १९६२ या प्राण्यांच्या मदत क्रमांकाला फोन. तारेवर लटकलेला पक्षी दिसला तर काठी घेऊन जायचं नाही, फक्त फोन. पाणी न पाजण्याचं मोठ्यांनाही सांगावं लागेल. आपल्याकडे जखमी दिसलं की पहिल्यांदा चमचाच शोधतात.

बाकी मुद्द्यांवर उद्या. मास्तर, तुमची दुसरी खिडकी मी चोरली आहे.

काप्यो_छे (मंगळवार, रात्री ११:२८)

हे चालेल. आमच्या सोसायटीत पाचची घोषणा मी स्वतः माइकवर करतो, माइक तसाही माझ्याकडेच असतो.

डभोईकर (बुधवार, सकाळी ७:४०)

इकडून मीही बोलतो. सगळे वढवाण्याला नंतर जाऊ म्हणताय, बरोबर आहे, पण वढवाण्याच्या काठावरही शाळा आहेत की. शहरातून बसेस येतात, मुलं खाली उतरतात, चिप्स खातात, "हंस कुठे हंस कुठे" ओरडतात आणि तासाभरात परत. काठावरच्या गावातली मुलं लांबून हे बघत असतात. त्यांना कोणी दुर्बीण दिलेली मी पाहिली नाही.

हे तळं सयाजीराव महाराजांनी १९१० च्या सुमारास शेतीसाठी बांधलं. ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून इकडे येतं आणि पंचवीसेक गावांना कालव्याने जातं. २०२१ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव लागलं, मध्य आशियाई स्थलांतर मार्गावरून येणाऱ्या ऐंशीहून जास्त जातींचे पाणपक्षी इथे हिवाळा काढतात, हे फलकावर सगळं लिहिलंय. शेतकऱ्याला मात्र प्रश्न एकच, यंदा रब्बीला पाणी कधी सुटणार. पाणी सुटलं की तळं उतरतं, कडेचा गाळ उघडा पडतो आणि तुतारी, शेकाट्या, टिलवे त्या गाळावर येतात. म्हणजे कुठला पक्षी कधी दिसणार हे बरंचसं पाटाच्या चावीवर आहे. शहरातल्या मुलाला हे दहा पोस्टर दाखवून कळणार नाही, आमच्या गावातल्या मुलाला आधीच माहीत आहे. फक्त त्याचा पक्ष्यांशी संबंध त्याला कोणी जोडून दिला नाही.

आणि राजहंस व पट्टकादंब रात्री शेतात उतरून हरभरा-गहू खातात. त्यावरून शेतकरी वैतागतो तेव्हा त्याच्या घरातलं पोरगं कोणाच्या बाजूने बोलणार? हे शिक्षणात येणार का नुसतं "पाहुणे पक्षी आपले मित्र"?

बाई, तीन शाळांतली एक इकडची घ्या.

सुरसागर_काठ (बुधवार, सकाळी ८:३०)

हा या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. शहरातल्या एका शाळेचा पत्ता कट करा, पण वढवाणा घ्या.

माजी_मास्तर (बुधवार, सकाळी ९:००)

अवांतर: लहानपणी प्रतापनगरहून छोट्या गाडीने डभोईला जायचो. डभोई म्हणजे नॅरोगेजचं मोठं जंक्शन. मियागाम-डभोई लाइनवर १८६२ साली गाडी बैल ओढायचे! खिडकीतून हात काढला की बाभळीची फांदी हाताला लागायची आणि त्या वेगात वेडा राघूसुद्धा नीट ओळखता यायचा. ती गाडी असती तर बसचा प्रश्नच आला नसता. असो.

उंबराखाली (बुधवार, रात्री ९:२०)

डभोईकर, ठरलं. एक शाळा वढवाण्याच्या काठची. पण मी तिथे शिकवायला येणार नाही, आधी ऐकायला येणार. हंस शेतात कुठल्या रात्री, कुठल्या पिकात उतरतात हे मुलांकडून आणि त्यांच्या आजोबांकडून लिहून घ्यायचं. शहरातल्या मुलांना ते नंतर वाचून दाखवू. नुकसानीचं बोलणं टाळायचं नाही, हे मला मान्य आहे.

आता सगळ्यांसाठी एक कल्पना, आवडली नाही तर सांगा. महाराजांच्या काळात संस्थानात फिरती वाचनालयं होती. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती पेटी गावोगाव जायची, एका गावाने वाचून झाली की पुढच्या. १८९३ ला अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण, १९०६ ला सगळ्या संस्थानात, आणि त्यानंतर काही वर्षांत ही वाचनालयं. आपण तशी पक्ष्यांची पेटी करू. आत: साध्या दुर्बिणी चार, नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या 'अर्ली बर्ड' उपक्रमाची चित्रपत्रकं (अनेक भारतीय भाषांत आहेत), एक जाड वही, पेन्सिली, दोऱ्याच्या गुंत्यासाठी गोणपाटाची पिशवी. पेटी शाळेत महिनाभर राहणार. वही मात्र एकच, सगळ्या शाळांत तीच फिरणार, म्हणजे फतेगंजच्या मुलाने लिहिलेलं वढवाण्याचं मूल वाचणार आणि खाली आपलं लिहिणार. पेटी हरवली तरी चालेल, वही हरवता कामा नये.

दुर्बिणी नव्या घ्यायला पैसे नाहीत. कोणाच्या कपाटात पडून असतील तर द्या. बुरशी लागलेल्या नकोत.

प्राणीशास्त्र_फतेगंज (बुधवार, रात्री ९:४५)

वहीवर फिदा. महिन्याला एकदा तिचे फोटो काढून ठेवायचं माझ्याकडे लागलं. त्यातल्या धड नोंदी मी ई-बर्डवर चढवते, म्हणजे मास्तरांच्या मुलांना फॉर्म दिसायलाही नको.

माजी_मास्तर (बुधवार, रात्री ९:५०)

तडजोड मान्य.

आई_दोघांची (बुधवार, रात्री १०:२०)

खाऊ घालण्याबद्दल कोणी बोललंच नाही. आमच्या सोसायटीत दोन पक्ष आहेत. एक चबुतऱ्यावर रोज ज्वारी टाकणारा, दुसरा कबुतरांच्या विष्ठेने वैतागलेला. मुलं मध्ये. सासूबाई म्हणतात दाणे टाकणं धर्म आहे. तळ्यावर लोक कुरवांना गाठिया टाकतात तेही बघितलंय, मुलांना फार मजा वाटते. शाळेत काय सांगायचं?

आठ_बाय_बेचाळीस (बुधवार, रात्री १०:३५)

गाठिया तर बंदच करायला लावा. तळलेलं, मीठ-सोडा घातलेलं. कुरव मासे आणि किडे खाणारा पक्षी, हिवाळाभर फुकटचं बेसन खाऊन परतीच्या प्रवासाला निघायचा? आणि लोक टाकतात ते फोटोसाठी, हे मी फोटो काढणारा म्हणून सांगतो.

जाता जाता, फोटोवाल्यांसाठीही एक नियम हवा. शाळेच्या फेरीत घरट्याचा फोटो नाही, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं नाही. मुलं बघतात तेच करतात. विणीच्या दिवसांत खोटा आवाज ऐकून नर वेडा होतो, घरटं सोडून भांडायला येतो.

उंबराखाली (बुधवार, रात्री ११:००)

आठ_बाय_बेचाळीस यांचे दोन्ही नियम घेतले. कमाटीबागेत कोणी आवाज वाजवला तर मी मोबाइल पेटीत ठेवीन, महिनाभर.

चबुतऱ्याचं अवघड आहे. आजीने ज्या हाताने दाणे टाकले त्या हाताला मी वर्गात वाईट म्हणणार नाही. पण वीसेक मिनिटं चबुतऱ्यासमोर बसून येतो कोण हे मुलांनी लिहावं. कबूतर, कबूतर, कबूतर, एखादा होला, पोपट आला तर आला. मग त्याच सोसायटीत पाण्याचं परळ ठेवून आठवडाभर कोण येतं ते लिहावं: बुलबुल, साळुंकी, शिंपी, तांबटसुद्धा. परळ सावलीत हवं, उथळ हवं, रोज घासायला हवं. दाणे आवडीच्या एकाच पाहुण्याला बोलावतात, पाणी सगळ्या आळीला. आजी यादी बघून स्वतःच ठरवतील. काही आजी ठरवणार नाहीत, तेही चालेल.

काप्यो_छे (गुरुवार, सकाळी ८:१०)

माझ्या आजीने ऐकलं नसतं.

सुरसागर_काठ (गुरुवार, सकाळी १०:००)

पिंजऱ्यातल्या पोपटाचं काय? वर्गात विचारलं "घरी पक्षी कोणाकडे?" तर चार-पाच हात वर होतातच. आणि ते बेकायदा आहे.

उंबराखाली (गुरुवार, दुपारी १२:४०)

म्हणूनच तो प्रश्न वर्गात विचारायचा नाही. मुलाने हात वर केला की त्याने सगळ्यांसमोर आईबापांना गुन्हेगार ठरवलं. पोपट पाळणं बेकायदा आहे हे सगळ्या वर्गाला एकदा सांगायचं, पकडताना किती पिल्लं मरतात ते सांगायचं, आणि गप्प बसायचं. शिवाय घरी जाऊन पिंजऱ्याचं दार उघडू नका, हेही तिथेच सांगायचं. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पोपट बाहेर दोन दिवसही टिकत नाही, कावळे किंवा मांजर. वनखात्याला विचारायचं, ते मोठ्यांचं काम.

रावपुरा_टपाल (गुरुवार, सायंकाळी ७:१५)

आता कामाचं बोलू, नाहीतर धागा शंभरीला जाईल.

शाळा तीन: एक फतेगंजच्या बाजूची, एक मांजलपुरची, एक वढवाण्याच्या काठची. पत्रांचा मसुदा मास्तर करतील, गुजरातीत, एका पानावर. पेटीचं लाकूड माझ्याकडे आहे, जुन्या दिवाणाचं. सुतार हवा. दुर्बिणी आत्तापर्यंत दोन जमल्या. पहिली फेरी या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी, सकाळी सव्वासातला कमाटीबागेच्या पुलाजवळच्या फाटकाशी, मुलांशिवाय. फक्त गटातले, म्हणजे बाईंना आपण मुलांसमोर कसे वागतो ते आधी बघता येईल. ही त्यांची अट आहे, माझी नाही.

आठ_बाय_बेचाळीस (गुरुवार, सायंकाळी ७:३०)

परीक्षा घेणार की काय?

उंबराखाली (गुरुवार, सायंकाळी ७:३४)

होय. पंधरा मिनिटं कोणी काही सांगायचं नाही, लॅटिन नाव तर नाहीच. बघू कोणाला जमतं.

प्राणीशास्त्र_फतेगंज (गुरुवार, सायंकाळी ७:५०)

माझं कठीण आहे.

माजी_मास्तर (गुरुवार, रात्री ८:०५)

तुमचं माझं दोघांचंही. नवापुऱ्यात एक सुतार ओळखीचा आहे, उद्या विचारतो. पेटीला कडी हवी की कुलूप?

डभोईकर (गुरुवार, रात्री ८:२०)

कडी. कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात जाते आणि पेटी वर्षभर उघडत नाही.